निम्मा पगार आणि कुरुंद्याची हळद

निम्म्या पगाराची नोकरी धरावी की नाही, याचा विचार करायला आमचं कुटुंब एका रविवारी मोटारीनं कुरुंद्याला गेलं आणि मोटारीसकट हळदीत शिरलं.

कुणाला लागलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे तुम्हाला मोकळेपणानं हसायला बरं! लागलं ते फक्त माझ्या अब्रूला, आणि तिला तशी सवय आहे.

तेव्हा मी हिंगोलीच्या एका खासगी कॉलेजात प्रवेश विभागात होते. (नाव सांगत नाही. तुम्हाला कधीतरी तिथून फोन येईलच.) पगार चौतीस हजार, गोल फिरणारी खुर्ची, टेबलावर नावाची पाटी आणि काम एकच. पालकांना फोन करायचा.

"नमस्कार, मॅडम बोलतेय. तुमच्या मुलासाठी दोनच सीट शिल्लक आहेत. आजच्या आज या."

जून असो, सप्टेंबर असो, दोनच सीट! अकरा वर्षं मी तिथं काढली, पण त्या दोन सीट काही भरल्या नाहीत. एकदा सेनगावकडचे एक गृहस्थ माझा फोन ठेवल्या ठेवल्या निघाले आणि दीड तासात पोराला घेऊन दारात हजर झाले. घाई एवढी, की एका पायात चप्पल आणि एका पायात बूट! वर्गात डोकावून म्हणाले, "मॅडम, बाकीची पोरं कुठं हायेत?"

"प्रॅक्टिकलला," मी म्हणाले.

प्रॅक्टिकलची खोली तेव्हा बांधून व्हायची होती.

त्या दिवशी घरी आले आणि जेवण गेलं नाही. पण नोकरी सोडण्याइतकं काही माझं मन शुद्ध नव्हतं. मन शुद्ध व्हायला रफीकभाई यावे लागले.

रफीकभाईंची आमच्या कळमनुरीत मोटार शिकवायची शाळा. मीही त्यांच्याकडंच शिकले होते. आमच्या घरी गाडी नव्हती, पण गल्लीत कुणाला नांदेडला दवाखान्यात न्यायचं असलं, की गाडी त्यांची आणि ड्रायव्हर मी, असं सात-आठ वर्षं चाललेलं. मोटार मेकॅनिकचा एक कोर्सही मी करून ठेवला होता. (घरी 'कॉम्प्युटरचा कोर्स' असं सांगितलं होतं. हाताला ग्रीस लागलेलं पाहून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकदा म्हणाल्या, "कॉम्प्युटरला इतकं तेल लागतं व्हय?")

एके दिवशी रफीकभाईंनी मला रस्त्यातच अडवलं. "मॅडम, माझ्याकडं बाया शिकायला येतात अन् तिसऱ्या दिवशी पळून जातात. मी वरडतो. आदत हाय, काय करू? आशा वर्कर येतात, मास्तरीणबाई येतात, परवा तर एक नर्स रडत गेली. तुमी या शिकवायला."

"पगार?"

"तुमच्या कॉलेजच्या निम्मा. सतरा. त्याच्यावर मला परवडत न्हाई. झूठ कशाला बोलू?"

अकरा वर्षांत नोकरीच्या ठिकाणी मी ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य! मी तिथंच अर्धी विरघळले. उरलेली अर्धी घरी गेली आणि सकाळच्या पोह्यांवर सगळ्यांना बातमी सांगून बसली.

पोहे थंड झाले.

"निम्मा पगार?" अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे माझे सासरे. पोस्टातून निवृत्त झालेले, पण पोस्ट त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही. "मग काम पण निम्मंच असंल?"

"न्हाई अण्णा. काम जास्तच हाय."

"म्हंजे काम वाढलं अन् पगार घटला. याला बढती म्हणतेत का आता?"

आत्याबाईंना वेगळीच चिंता. "कॉलेजात मॅडम म्हणतेत. तिथं काय म्हणतील तुला? उस्ताद?"

मुक्तानं, म्हणजे माझ्या लेकीनं, ताटलीतून मान वर केली. ती दहावीत होती. "आई, मग माझ्या लातूरच्या क्लासच्या फीचं काय?"

हे मात्र बरोबर जागी लागलं. मी आशेनं नवऱ्याकडं पाहिलं. दिलीप जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवतात. जगातल्या सगळ्या नद्या कुठून कुठं जातात ते त्यांना माहीत आहे, पण घरात वाद कुठं चालला आहे ते कळत नाही. ते म्हणाले, "बघू."

तेव्हा लग्नाला सोळा वर्षं झाली होती. त्यांचं बघणं अजून चालू आहे!

शेवटी अण्णांनी निकाल दिला. "शारदाला इचारू."

शारदा म्हणजे माझी मोठी नणंद, शारदावन्सं. कुरुंद्याला दिलेली. घरचं हळदीचं मोठं काम, नवरा सदा मोंढ्यावर, म्हणजे मालाच्या बाजारात, त्यामुळं सगळा कारभार वन्संच्या हाती. आमच्या घरात सोफ्याचा रंगसुद्धा वन्संना विचारून ठरला होता. त्या एकदा 'न्हाई' म्हणाल्या, की अपील नाही.

मी रफीकभाईंना हे सांगितलं. ते म्हणाले, "शाळेची गाडी घेऊन जा. घरच्यांना दाखवा, काम काय हाय ते. फक्त एक करा. डाव्या बाजूला पण ब्रेक अन् क्लच हाय. तिथं ठंड्या डोक्याचा माणूस बसवा."

ही अट मी पाळायला हवी होती. पण घरातला वडीलधारा माणूस पुढच्या सीटवर बसतो, हा आमच्याकडचा नियम. रविवारी सकाळी अण्णा धोतर सावरत पुढं बसले. मागं दिलीप, मुक्ता आणि मध्ये आत्याबाई, मांडीवर लेकीसाठी घेतलेला ताकाचा डबा. गाडीवर पुढंमागं लाल अक्षरात भलामोठा 'एल'. गल्ली सगळी बाहेर आली होती. आम्ही जणू चंद्रावर निघालो होतो!

"अण्णा, तुमच्या पायाशी ब्रेक हाय. त्याला पाय लावू नका."

"सूनबाई, पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली. पाय कुठं ठेवायचा ते कळतंय मला."

पहिल्या वळणावर शेळी दिसली. अण्णांनी ब्रेक दाबला. गाडी गचकन थांबून बंद पडली. शेळी रस्त्याच्या पलीकडं, बाभळीखाली बसलेली होती.

"ती येऊन राहिली होती," अण्णा म्हणाले.

"अण्णा, ती रवंथ करून राहिली होती!"

पुढं मारुतीचं देऊळ लागलं. अण्णांनी दोन्ही हात जोडले आणि दोन्ही पाय दाबले. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं जो हॉर्न दिला, तो मारुतीलाही ऐकू गेला असेल. मागच्या सीटवर 'अगं बाई' झालं आणि ताकाच्या डब्याचं झाकण दिलीपच्या मांडीत येऊन पडलं. पाठोपाठ ताक!

"असू दे, थंड वाटून राहिलंय," दिलीप म्हणाले. (अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?)

वारंगा फाट्यापर्यंत अण्णांनी दोन म्हशी, एक एसटी, एक ओळखीचा माणूस आणि एका हवेत उडणाऱ्या पिशवीसाठी ब्रेक मारला. फाट्यावर चहाला थांबलो, तर टपरीवाला गाडीवरचा 'एल' बघून अण्णांना विचारतो, "बाबा, मॅडमला शिकवून राहिले काय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "व्हय. जमंल हळूहळू."

सायकलच्या वर ज्या माणसानं काही चालवलं नाही, तो माणूस माझा गुरू! आणि गंमत म्हणजे अण्णांना ते पटलं. फाटा सोडल्यापासून ते मला शिकवायलाच लागले.

"गिअर टाक. कोणता बी टाक. हारन! आगं हारन दे! आरशात काय बघतीस सारखी, पुढं बघ!"

कुरुंदा चार-पाच किलोमीटरवर आलं आणि माझा संयम संपला. मी गाडी कडेला घेतली, हातब्रेक ओढला आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यांवर आवाज चढवला. "अण्णा, आता जर तुमचा पाय त्या ब्रेकला लागला, तर मी हितंच उतरीन अन् चालत कॉलेजात जाईन!"

मुक्ता हळूच म्हणाली, "कॉलेज उलट्या बाजूला हाय, आई."

अण्णांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले. थेट कुरुंद्यापर्यंत!

वन्संचं घर गावाबाहेर, शेतालगत. समोर मोठं अंगण, आणि अंगणभर ताडपत्र्या टाकून त्यावर शिजवलेली हळद वाळत घातलेली. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या बाजूला कुठंही जा, पाय ठेवायला जागा मिळणार नाही, सगळं पिवळं. वन्सं ओट्यावर उभ्या होत्या. शेजारच्या चार बाया हळद वर-खाली करत होत्या. गाडी बघून सगळ्यांनी हातातलं काम थांबवलं.

प्रेक्षक समोर बघून माझ्यात वारं शिरलं. साधी गाडी उभी करून उतरले असते, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मला वाटलं, वन्संना एकदा दिसू दे आपल्या हातात काय आहे ते! दोन ताडपत्र्यांच्या मधून वाट होती, गाडी जाईल एवढीच. म्हटलं, रिव्हर्स घेऊन थेट ओट्याला लावते.

"सविता, सरळच घे ना," दिलीप म्हणाले. त्यांचं त्या दिवसातलं हे सगळ्यात लांब वाक्य.

"बघाच तुम्ही!" मी म्हणाले.

आणि त्यांनी बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

गाडी मागं निघाली. झकास निघाली. अर्ध्यात आल्यावर डावं चाक ताडपत्रीवर चढलं. खाली हळकुंडं, ती गोट्यांसारखी फिरली आणि गाडीचं बूड सरकलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. ब्रेक दाबायचा, बस्स. शिकायला आलेल्या बायकांना पहिल्या दिवशी मी हेच सांगणार होते. मी पूर्ण ताकदीनं पाय दाबला.

अॅक्सिलरेटरवर.

"अण्णा, ब्रेक!" मी ओरडले.

"तूच म्हणालीस पाय लावू नका!" मांडी न मोडता अण्णा ओरडले.

गाडी एक ताडपत्री ओलांडून दुसरीवर गेली, तिथली हळद कारंज्यासारखी उडवली आणि मागची दोन्ही चाकं शेताला पाणी नेणाऱ्या पाटात घालून, नाक वर करून थांबली. आत्याबाईंच्या डब्यात उरलेलं ताक आता माझ्या मानेवरून पाठीत उतरत होतं. बाहेर बाया हळद अंगावर घेऊन ओट्यावर चढल्या होत्या. एक हळकुंड उघड्या खिडकीतून आत येऊन अण्णांच्या मांडीवर पडलं होतं. ते उचलून, निरखून अण्णा म्हणाले, "माल चांगला हाय."

वन्सं ओटा उतरून आल्या. कंबरेवर हात. आधी गाडीकडं पाहिलं, मग वडलांकडं, आईकडं, भावाकडं, भाचीकडं आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडं.

"कुणाला लागलं?"

"न्हाई."

"मग खाली उतरा अन् हळद उचला. बाकी नंतर बोलू."

आम्ही पाच जण उन्हात फतकल मारून बसलो. चिरडलेली हळद एका टोपल्यात, चांगली दुसऱ्यात. ओली हळद ती, हातांना लागली की चार दिवस निघत नाही. घटकाभरात सगळं खानदान कोपरापर्यंत पिवळं झालं. दिलीपच्या ताकाळलेल्या पँटीवर तर असा रंग बसला, की ती पँट त्यांनी पुढं कधी शाळेत घातली नाही.

आणि तिथंच, हळद निवडता निवडता, माझ्या नोकरीची बैठक भरली.

"आता तरी कबूल कर," अण्णांनी सुरुवात केली. "तुला सोताला गाडी येत न्हाई, तू दुसऱ्याला काय शिकवणार?"

बाया हसल्या. मलाही त्यांच्या जागी हसू आलं असतं. पण कुठून कोण जाणे, मला रडू न येता राग आला. हळकुंड हातात घेऊन मी उभी राहिले.

"चूक झाली. ब्रेक सोडून अॅक्सिलरेटर दाबला. मीच दाबला, सगळ्यांसमोर दाबला. पण अण्णा, कॉलेजात अकरा वर्षांत माझी एक चूक झाली न्हाई! दोन सीट म्हंजे दोन सीट. एकदा बी तीन म्हणाले न्हाई. चांगलं काम करून राहिले मी तिथं, म्हणूनच मला ते नको हाय!"

तेवढ्यात दिलीप, हळदीवरची नजर न काढता, म्हणाले, "झोपेत बी म्हणती ती. दोनच सीट शिल्लक. मी एकदा म्हटलं बी, एक मला दे अन् झोप."

नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. रविवारी! पिवळ्या बोटानं मी तो घेतला, तर बोट घसरून स्पीकर सुरू झाला.

"मॅडम, औंढ्याहून बोलून राहिलो. तुमचा फोन आला होता. ते दोन सीटचं काय झालं? हायेत का गेल्या? रात्रीपासून लेकरू जेवलं न्हाई."

मी आजूबाजूला पाहिलं. वन्सं, आत्याबाई, चार बाया, सगळ्यांचे हात थांबले होते. मुक्ता माझ्या तोंडाकडं बघत होती. तिच्या त्या बघण्याची मला कॉलेजच्या सेक्रेटरींपेक्षा जास्त भीती वाटली.

"दादा," मी म्हणाले, "त्याला आधी जेवायला घाला. साठातल्या पंचावन्न सीट मोकळ्या हायेत. पुढच्या महिन्यात बी राहतील. दुसरी दोन कॉलेजं बघा, तिथल्या पोरांशी बोला, मग ठरवा."

पलीकडून आवाज आला, "मॅडम, तुमची तब्येत बरी हाय ना?"

"आज बरी हाय," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

अण्णांनी हातातलं हळकुंड टोपल्यात टाकलं. चिरडलेल्यांच्या टोपल्यात टाकायचं ते चांगल्यात टाकलं, म्हणजे मनातून हलले होते. आत्याबाई म्हणाल्या, "उस्ताद तर उस्ताद. मॅडम म्हणून तरी काय मिळालं?" मुक्ता मात्र मान खाली घालून हळद निवडू लागली.

सगळ्यांनी वन्संकडं पाहिलं. वन्संनी पदराला हात पुसले.

"मला वसमतला जायचं म्हटलं की चार दिवस ह्यांच्या मागं फिरावं लागतं. दारात पिकअप उभी हाय अन् मी एसटीची वाट बघते. रफीकभाईला सांग, पहिली बाई मी." मग गाडीच्या वर झालेल्या नाकाकडं बघत म्हणाल्या, "अन् रिव्हर्स तेवढं त्यालाच शिकवू दे."

गाडी ट्रॅक्टरनं ओढून काढली. कळमनुरीला परतल्यावर रफीकभाईंनी पिवळी झालेली चाकं बघितली, चेपलेला मागचा पत्रा बघितला आणि म्हणाले, "डावीकडं कोण बसलं होतं?" मी सांगितल्यावर ते ओरडले नाहीत. अण्णांना भेटायला म्हणून घरी आले, चहा प्यायले आणि जाताना मला हळूच म्हणाले, "मॅडम, माझ्या वरडायच्या आदतीत काही खराबी न्हाई असं आता मला वाटून राहिलंय."

सोमवारसाठी मी बाणेदार राजीनामा लिहिला होता. चार पानं! त्यात सत्य होतं, शिक्षण होतं, सेनगावच्या गृहस्थांचा बूट आणि चप्पलही होती. सेक्रेटरींच्या केबिनमध्ये ताठ मानेनं शिरले, तर औंढ्याच्या दादांनी आधीच सगळं भोळेपणानं सांगून ठेवलेलं. "तुमच्या मॅडम फार चांगल्या हायेत, पंचावन्न सीट मोकळ्या हायेत म्हणाल्या!" मी पहिलं पान उघडायच्या आत मला काढून टाकण्यात आलं. चारही पानं मी परत घरी आणली. दिलीपनं शांतपणे वाचून त्यातल्या शुद्धलेखनाच्या सात चुका लाल पेनानं दाखवल्या.

मुक्ता लातूरला गेली नाही. नांदेडच्या क्लासला बसनं जाते-येते. दोन महिने ती माझ्याशी धड बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नवीन फ्रीज आला नाही, जुनाच खडखडत असतो. पण माझ्या हाताखाली आजवर एकतीस बाया शिकल्या, त्यातल्या शारदावन्सं पिकअप घेऊन मोंढ्यावर जातात आणि तिथल्या हमालांवर ओरडतात. रडत गेलेली ती नर्स परत आली आणि आता रात्रपाळीला स्वतः गाडी चालवत जाते. माझ्या गाडीत कुणाला मी खोटी सीट विकत नाही. चार खऱ्या सीट आहेत, त्याही फाटक्या.

परवा एका लग्नात जुन्या कॉलेजातल्या एक बाई भेटल्या. पंगतीत शेजारी बसल्या आणि वाढप्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, "सविताताई, खरं सांगा. पस्तावा होतो का हो?"

"होतो ना," मी म्हणाले. "दर महिन्याच्या बावीस तारखेपासून एक तारखेपर्यंत. बाकीचे सगळे दिवस माझंच बरोबर असतं!"